अहोबाई

आमच्या हडपसरच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी उभ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याला ‘अहो’ म्हटलं नव्हतं. एरवी नुसतं ‘गधड्या’, लाडात आल्या तर ‘अरे गधड्या’. शेजारच्या वर्गात मी भूगोल शिकवत असे, आणि त्यांच्या आवाजामुळे माझ्या पोरांनाही त्यांचीच समीकरणं पाठ होत.

मग टाळेबंदी आली आणि शाळा मोबाइलमध्ये शिरली. मोबाइल बहुतेक घरी एकच, तोही वडिलांचा. त्यामुळे पडद्यावर मुलांच्या जागी बापांची नावं. बाईंची पंचाईत झाली. ‘बाळासाहेब पाटील’ असं समोर दिसत असताना अरे-तुरे कसं करायचं? मागे बाप बसला असला तर? त्या म्हणू लागल्या, "अहो पाटील, वही उघडा." मुलं फिदीफिदी हसली आणि त्यांनी बाईंचं नाव अहोबाई ठेवलं.

मुलांना मोबाइलवरच्या तासात घ्यायचं तंत्र बाईंना जमेना, म्हणून मी माझ्या घरून मदतीला असे. त्या धायरीला स्वयंपाकघरात, चकलीच्या सोऱ्याला मोबाइल टेकवून बसत. डोळे चुरचुरत, मान धरे. "शिकवून कधी दमले नाही गं," त्या म्हणायच्या, "पण ‘ऐकू येतंय का’ विचारून दमले." दमलो सगळेच होतो. पण त्यांचा वैतागसुद्धा मला आवडायचा.

वैष्णवीचे वडील सुरेशराव रिक्षा चालवत. रिक्षा पुन्हा सुरू झाल्या, फोन त्यांच्याबरोबर बाहेर गेला, आणि गणितात हुशार असलेली ती पोर दिसेनाशी झाली. बाईंनी थेट सुरेशरावांनाच फोन लावला. "अहो, पोरीचा तास बुडवलात तर मी येऊन रिक्षात बसेन. उतरणार नाही." तेव्हापासून तासाच्या वेळी ते रिक्षा घराकडे वळवत.

दुसऱ्या लाटेत सुरेशराव गेले.

काही दिवसांनी पडद्यावर त्यांचं नाव पुन्हा दिसलं. बाईंना सगळं ठाऊक होतं, पण जिभेला सवय लागलेली. "अहो सुरेशराव, आलात का?"

मग वैष्णवीचा आवाज आला, "बाई, मी आहे."

"चुकले गं बाळा," बाई कशाबशा म्हणाल्या. "ते नाव बदलून घेऊ या आपण."

"नको ना बाई. तुम्ही हाक मारता ना, तेव्हा आई हातातलं टाकून ऐकायला येते."

मला रडू आवरेना. मी कॅमेरा बंद केला.

मोबाइलमधल्या त्याच शाळेतून निवृत्त होईपर्यंत बाई हजेरीत त्या नावाला रोज हाक मारत राहिल्या. आणि हाक मारल्यावर पुढचं नाव लगेच घेत नसत.