डाला हलला पाहिजे

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं, ते गाडीच्या डाल्याचे, मागच्या माल भरायच्या हौद्याचे, नट कसायचं. मी पिकअपखाली पोत्यावर उताणा, अन् सुमन, माझी बायको, चाकाशेजारी बसून पाने देऊन राह्यली होती. चुकीचा पाना दिला म्हणून मी ओरडलो. "अजी, तोंडानं कसता का नट?" म्हणाली. दोघंही हसलो... त्याच दुपारी ती अंगणात खाली बसली ते उठलीच नाई. सकाळपासून छाती दुखते, हे तिनं शेजारणीले सांगितलं होतं. मले नाई. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत. मी रागावलो आहे.

गाडी जुनी. जंगलातल्या गावांतून धान, भाजी भरून आम्ही चामोर्शीच्या बाजाराले जायचो. मी चालवायचो, भाव ती करायची. आमच्याकडचा रस्ता म्हणजे एक चाक खड्ड्यात तर दुसरं झाडाच्या मुळावर. तेव्हा खालची चेसिस लुगडं पिळावं तशी पिळते. केबिन एकीकडे झुकते, मागचा डाला दुसरीकडे, अन् दार आपोआप उघडते. सुमन एका हातानं दार धरायची, दुसऱ्या हातानं मले सुपारी द्यायची.

एकदा चामोर्शीचा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, डाला चेसिसले वेल्डिंग मारून टाकतो. करकर बंद." मी तयारच होतो. ही खाली उतरली. "काऊन जी भाऊ, तुमी बैलबंडीचं जू खिळे ठोकून बसवता का?"

"बाई, हे लोखंड हाय."

"मंग? लोखंडाले कंबर नसते का?"

बंडीचं जू आम्ही दोरानं बांधतो. धानाच्या बांधीत, चिखलात, बैल वाकडे झाले की दोर सरकतो, पुन्हा जागी येतो, म्हणून लाकूड मोडत नाई. तसंच आम्ही केलं. डाला अन् चेसिसच्या मधात सागाच्या पट्ट्या, वरून बोल्ट. पट्ट्या झिजायच्या, बोल्ट ढिले व्हायचे, डाला बोलायचा. पहिले तिले ऐकू यायचं. "थांबवा. डावीकडचा ढिला झाला." मी शिव्या देत खाली शिरायचो. असाच संसार झाला.

तेरवी झाल्यावर पोरगा, तो ऊर्जानगरात राहतो, गाडी घेऊन गेला. आणली ते धुऊनपुसून, नव्या नवरीसारखी. "चालवून पाहा बाबा. आवाजच नाई." चालवली. खरंच आवाज नाई. उतरून खाली वाकलो. पट्ट्या गायब, अन् डाला जागोजागी चेसिसले वेल्डिंग मारून चिकटवलेला.

काय बोललो ते छापण्यासारखं नाई. अख्खं गाव गोळा झालं. पोरगा मान खाली घालून म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठीच केलं. आता या वयात खाली कोण लोळंल? पाने कोण देईल?"

त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त भडकलो. "माल भरून नाल्यातून एकदा काढ ही गाडी," म्हटलं, "वेल्डिंगच्या कडेलेच चेसिस तडकंल. अन् तुले आवाजच बंद करायचा होता ना? घरातला झाला तेवढा पुरला नाई का?"

तो रडला. मी त्याले जवळ घेतलं नाई. लोक म्हणाले, म्हातारा दगड आहे. तेही म्हणोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, करवत काढली. आमचा पलंग सागाचा, तिच्या बापानं दिलेला. तिच्या बाजूच्या फळ्या उपटल्या. पोरगा धावत आला. "बाबा, हे काय करून राह्यले? आईच्या बाजूच्या आहेत त्या!"

"माहीत आहे मले," म्हटलं. "दुसरं टोक धर."

उभ्या पट्ट्या चिरल्या, गाडीत टाकल्या, चामोर्शीले गेलो अन् त्याच मिस्त्रीले म्हटलं, "काप ते वेल्डिंग. सगळं. मी इथीच बसतो."