टाळलेली टोचणी

डॉक्टरांनी माझ्या उजव्या जांघेत दोन बोटं दाबली आणि मी ओरडलो. त्यांनी हात बादलीतल्या औषधाच्या पाण्यात बुडवले, टॉवेलला पुसले आणि कंपाउंडरला म्हणाले, "ब्युबॉनिक प्लेग." मग माझ्याकडे बघून सांगितलं, "गाठीचा प्लेग आहे. तुम्हाला आता इथंच राहावं लागेल."

मी "बरं" म्हणालो. दुसऱ्या कुणाचा तरी रोग सांगितल्यासारखं मी ते ऐकलं. बाहेर माझी बायको हौसा दोरीच्या पलीकडे उभी होती. तिला आत यायची मनाई होती. कंपाउंडरनं जाऊन तिला सांगितलं. ती मटकन खाली बसली. मला ते झोपडीच्या दारातून दिसलं, आणि माझ्या मनात काहीही आलं नाही.

हा अनुभव लिहून ठेवतो आहे तो एवढ्यासाठीच, की पुढं कुणावर अशी पाळी आली तर त्याला काही उपयोग व्हावा.

मी पोस्टमन. कराडच्या पूर्वेला कृष्णाकाठी आमचं बाजारगाव. ते दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस. घरटी एकजण फौजेत, त्यामुळे टपालाची वाट सगळेच बघायचे. त्या वर्षी हिवाळ्यात बाजारपेठेत उंदीर पडायला लागले. चार-सहा दिवसांत गाव उठलं. लोकांनी मळ्यात, माळावर पाचटाच्या खोपी घातल्या आणि घरांना कुलपं लावली.

पोस्ट मात्र बाजारपेठेतच राहिलं. शेजारी धान्याची वखार. जागा हलवायची तर वरून हुकूम हवा. मास्तरांनी दोनदा लिहिलं होतं, उत्तर आलं नव्हतं. आम्ही ऑफिसात चौघं. मास्तर, टपालाच्या थैल्या बांधणारे-सोडणारे हुसेनभाई, नदीपलीकडच्या गावांना पायी टपाल नेणारा हरकारा बापू, आणि मी.

टोचणीचा डॉक्टर ऑफिसात आला तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. टोचणीला ते इनॉक्युलेशन म्हणत, म्हणजे रोग व्हायच्या आधीच अंगात लस घालणं. मास्तरांनी पहिल्यांदा घेतली, मग हुसेनभाईंनी. बापूनं सदऱ्याची बाही वर केली होती. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "घ्यायची का रं गणपा?"

मी मागं एकदा घेतली होती. दंड सुजला होता, दोन दिवस तापानं पडून होतो. मी म्हणालो, "आता दोघं बी पडलो तर टपाल कोण वाटणार? फुडच्या खेपेला घिऊ."

बापूनं बाही खाली केली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी वहीत दोन नावांपुढं फुली मारली आणि पेटी बंद केली. मास्तर म्हणाले, "गणपतराव, हा हट्ट बरा नव्हे." मी हसलो.

आठ-नऊ दिवसांनी भिंतीशी रचलेल्या थैल्यांच्या मागून घाण वास यायला लागला. मी थैल्या ओढल्या. मागं मेलेला उंदीर. मी तो शेपटीला धरून बाहेर टाकला. मेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा गरम अंग शोधत उड्या मारतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, सांगता येत नाही. त्याच दुपारी बापू त्याच थैल्यांना पाठ टेकून भाकरी खात बसला होता.

तीन दिवसांनी मळ्यात टपाल वाटताना मला हुडहुडी भरली. उजवा पाय जड झाला. घरी, म्हणजे आमच्या खोपीत, पोचेपर्यंत डोळे लाल झाले होते. हौसेनं जांघेतली गाठ बघितली आणि ती तशीच भावाकडं पळाली. तिच्या भावानं गाडी जुंपून मला माळावर आणलं.

त्या जागेला सेग्रिगेशन कॅम्प म्हणत. रोग्यांना निरोग्यांपासून वेगळं ठेवायची जागा. बांबू, पाचट आणि तरटाच्या दहा-बारा झोपड्या. एका झोपडीत दोन बाजली. जमिनीवर चुन्याची पूड. भोवती दोरी, आणि दोरीपलीकडे नातेवाईक.

पहिला दिवस गाठ ठणकण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "सल्फाच्या गोळ्या देतो. नवं औषध आहे. पण आमच्याकडचा साठा संपत आलाय, लढाईमुळं मिळत नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून दोरीबाहेर दिली. हुसेनभाई ती घेऊन सर्व्हिसच्या प्रवासी मोटारीनं सांगलीला गेले. चार दुकानं फिरले. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या खिशात दोन बाटल्या होत्या. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी भ्रमात होतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणाले, तापात माणूस भलतंच बरळतो ते. मी म्हणे सारखी गावांची नावं घेत होतो, थैल्या लावताना घेतो तशी.

चौथ्या दिवशी शुद्ध आली. शेजारच्या बाजल्यावर बापू होता.

त्याच्या गळ्याखाली गाठ होती आणि श्वास घरघरत होता. त्यानं मला ओळखलं. "गणपा, तू हाईस व्हय?" म्हणाला. मी हात हलवला. त्यालाही गोळ्या चालू होत्या. सांगलीची दुसरी बाटली त्याच्यासाठीच उघडली होती.

पण त्याचं वेगळं झालं. डॉक्टरांनी कंपाउंडरला "सेप्टिसेमिया" असं सांगितलं. मी अर्थ विचारला. "विष रक्तात उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "टोचून घेतलं होतं का यानं?"

मी म्हणालो, "न्हाई."

पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण डॉक्टर पुढच्या झोपडीकडे गेले होते.

बापू दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. दोन माणसं तोंडाला फडकी बांधून आली, त्यांनी त्याला चादरीसकट उचललं. बाजल्यावर चुना टाकला. मला पेज आणून दिली आणि मी ती सगळी प्यालो. मी त्याच्याबरोबर बारा वर्षं काम केलं होतं. मला रडू आलं नाही, भीती वाटली नाही. रिकामं बाजलं बघत पडून राहिलो.

आठव्या दिवशी माझी गाठ पिकली. डॉक्टरांनी ती चिरली. पू बराच निघाला. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "आता तुम्ही वाचलात." मी "बरं" म्हणालो.

ज्यांना हे दुखणं होईल त्यांना सांगतो, या सुन्नपणाला भिऊ नका. मला वाटत होतं, रोगानं माझं काळीजच खाल्लं. हौसा रोज दोरीशी येऊन काही ना काही सांगायची, म्हैस व्याली, भाऊ येऊन गेला. मी ऐकत होतो, मान हलवत होतो. तिला एकदा म्हणालो, "तू कशाला येतीस रोज एवढं लांब?" ती म्हणाली, "मग काय करू आवं? खोपीत बसून पाचटाकडं बघू?"

एकविसाव्या दिवशी मला सोडलं. माझे कपडे उकळून दिले. जखम वाळली होती, पाय ओढत होता.

ऑफिस जागेवर नव्हतं. मास्तरांनी बापू गेल्याच्या दिवशीच वरच्या हुकुमाची वाट न बघता ते हलवलं होतं. गावाबाहेर वडाखाली पत्र्याचं छप्पर, चारी बाजू मोकळ्या. आलेल्या थैल्या हुसेनभाई आधी तापलेल्या खडकावर उन्हात टाकत, काठीनं झोडपत आणि मगच सोडत. पायाला गुडघ्यापर्यंत घट्ट पट्ट्या बांधत. कुणालाही टोचल्याशिवाय थैलीला हात लावू देत नसत. टोचणीचे डॉक्टरही आता त्याच छपराखाली पेटी घेऊन बसत. विनापरवानगी ऑफिस हलवलं म्हणून मास्तरांना जाब विचारणारं पत्र आलं होतं. ते त्यांनी मला दाखवलं. "नोकरी गेली तर जाईल," म्हणाले. "दुसरा माणूस मी त्या वखारीशेजारी बसवणार नव्हतो. पहिल्यांदाच हलवायला हवं होतं, गणपतराव. तेव्हा माझी छाती झाली नाही."

बापूची बाही माझ्यामुळं खाली गेली, हे मी त्यांच्यासारखं बोलून दाखवलं नाही.

कामावर गेलो तर लोक माझ्या हातून पत्र घेईनात. लांबूनच ओरडायचे, "थितंच ठिवा दगडाखाली!" मी ठेवून पुढं जायचो. मला त्याचंही काही वाटत नव्हतं.

अशात एक दिवस तानुमावशीच्या नावाचं फौजी पाकीट आलं. तानुमावशी म्हणजे बापूची आई. तिचा धाकटा, मारुती, लढाईवर होता. मी नदीपलीकडं तिच्या खोपीपाशी गेलो आणि दगड शोधायला लागलो. ती म्हणाली, "दगुड कशाला बघतुयास? हातात दे. आन बस, वाचून दाव. मला कुटं येतंय वाचाय."

मी बसलो. पाकीट फोडलं. मारुतीला अजून काही कळलेलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, इकडं सगळ्या फौजेला सुया टोचल्या, गावाकडं पिलेग हाय असं ऐकतो, तर बापूदादाला म्हणावं टोचून घे, हयगय करू नको.

मला पुढची ओळ दिसेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. तानुमावशी बघत राहिली.

मी सगळं सांगितलं. त्यानं बाही वर केली होती. मी नको म्हणालो. माझं ऐकून त्यानं खाली केली.

समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या. तिनं एक खडा उचलून उगाच त्यांच्याकडं फेकला. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं होईल.

"त्यो तुझं लय ऐकायचा," ती शेवटी म्हणाली. "माझं न्हाई ऐकायचा एवढं." मग पदरानं तोंड पुसलं. "टोचायचा डाक्तर अजून हाय का थितं पोस्टात?"

"हाय की."

"दुकतंय व्हय लय?"

"दंड सुजतुया मावशी. दोन दिस ताप येतुया."

"येऊ दे," ती म्हणाली आणि उठली. "मारुती यील तवा मी असाय पायजे. चल, उनाच्या आदी जाऊ."

आम्ही नदी उतरून पोस्टाच्या छपराकडं गेलो. पाणी गुडघ्याएवढं होतं. तिनं माझा हात धरला होता, कारण शेवाळावरून पाय घसरत होते. डॉक्टरांनी पहिल्यांदा तिला टोचलं. तिनं तोंड फिरवलं नाही, सुईकडंच बघत राहिली. मग डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कोण?" छपराखाली नदीपलीकडची पाच-सहा माणसं भीत भीत उभी होती. तानुमावशी त्यांना म्हणाली, "बघताय काय? बाह्या वर करा की रं."

एकेकानं बाही वर केली. मी पेटीजवळ उभा राहून नावं सांगत गेलो आणि डॉक्टर लिहीत गेले.