बिनहळदीची कोळंबी

सुधाकर गावकर माझगावच्या गोदीतून निवृत्त झाले आणि परळच्या दोन खोल्यांत खाऱ्या पाण्याची टाकी आली. तिच्यात खडकाला चिकटलेलं, फुलासारखं दिसणारं एक जनावर होतं, अ‍ॅनिमोन. स्वतःचं ताटही कधी न उचललेला हा माणूस दर चार दिवसांनी त्याला चिमट्याने कोळंबीचा तुकडा भरवायचा. बाजारातून कोळंबी आली की बायकोला, मालनताईंना, ओरडून सांगायचा, "एक बिनहळदीची ठेव गो."

गेल्या महिन्यात ते गेले. मालनताई रडल्या नाहीत. लोक सांगतील तसं करत राहिल्या. सुतकाचे तेरा दिवस घरात मासळी नव्हती, म्हणून जनावरही उपाशी राहिलं.

चौदाव्या दिवशी त्यांनी कोळंबी आणली, सोलली आणि सवयीने सगळीला हळद-मीठ चोळलं. मग टाकीकडे लक्ष गेलं. एक तुकडा त्यांनी नळाखाली तीनदा धुतला, तरी तो पिवळाच राहिला. तोच भरवला. जनावराने तुकडा आत ओढला आणि थोड्या वेळाने बाहेर टाकला.

मालनताई चिमटा धरून तिथेच उभ्या राहिल्या, मागून ओरडा यायची वाट बघत.