क्रेनवरची एकतीस वर्षं

गोदीत त्यांना सगळे 'वरचे' म्हणायचे. खरं नाव होतं ते हजेरीच्या वहीत, एरवी त्याची कुणाला गरज पडली नाही. धक्क्यावरच्या तीन नंबरच्या क्रेनवर, जमिनीपासून सत्तर फूट उंच, काचेच्या केबिनमध्ये ते एकतीस वर्षं बसले. सकाळी सातला लोखंडी शिडी चढायची, दुपारी तीनला उतरायची. डबा वर, पाणी वर, रुमाल वर. खालच्या माणसांचे चेहरे दिसत नसत, नुसती हेल्मेटं. कोण कोण आहे ते चालीवरून ओळखायचं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोची एक फजिती झाली. समोरच्या घरात नवी शेजारीण आली होती. तिने विचारलं, "तुमचे मिस्टर दिसले नाहीत?" ही सवयीने म्हणाली, "ते सकाळीच वर गेले." शेजारणीने तोंडावर हात ठेवला, आत येऊन हिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. खुलासा होईपर्यंत दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एकीच्या दुःखाने, दुसरीच्या हसण्याने. संध्याकाळी तिने सगळं साभिनय सांगितलं. हे हसून लोळतील अशी तिची खात्री होती.

"असं होय," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

हे 'असं होय' तिने पुढे हजारदा ऐकलं. दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हा ऐकलं, लेकीला पहिला दात आला तेव्हा ऐकलं, मुलगा गणितात नापास झाला तेव्हाही ऐकलं. माणूस कोरडा होता असं मात्र कुणी म्हणू शकलं नसतं. तिला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे त्यांनी तिला स्वतःच्या हाताने भरवलं. लेकीची वेणी तेच घालायचे, आणि भांग असा सरळ पाडायचे की शाळेतल्या बाई विचारायच्या, आई फूटपट्टी घेऊन बसते का. मुलांचे कपडे इस्त्री करायचे, चपलांचे पट्टे शिवायचे, आणि हे सगळं मुकाट्याने. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. तीही टाकायची. फक्त संध्याकाळी समोरासमोर बसल्यावर तिला वाटायचं, आपण एखाद्या भल्या पाहुण्याशी बोलतोय.

तिची एकच कटकट असायची, पाण्याची. भरून दिलेली बाटली संध्याकाळी निम्मी परत यायची.

"पाणी का पीत नाही?"

"उतरावं लागतं गं. एकदा उतरायचं, परत चढायचं, तोवर जहाज खोळंबतं."

"जहाजाची मूत्रपिंडं बिघडणार नाहीत, तुमची बिघडतील."

"असं होय."

क्रेनला खालून इशारे देणारा एक माणूस असतो. मामा म्हणायचे त्याला सगळे. हात वर केला की उचल, तळवा आडवा धरला की थांब, मूठ मिटली की जागेवर धर. या दोघांनी चौदा वर्षं एकत्र काम केलं. एकमेकांशी बोललेले शब्द मोजले तर एक पानही भरलं नसतं, पण मामाचं बोट हललं की हूक हलायचा.

एका सकाळी पाइपांचा गठ्ठा वर जात असताना तो बांधलेली तार तुटली. वरून त्यांना सगळं दिसत होतं. मामा गठ्ठ्याच्या खालून बाजूला व्हायला लागला होता, त्याला अजून दोन पावलं हवी होती. यांनी भोंगा दाबला. दुसरं करण्यासारखं हातात काहीच नव्हतं.

गठ्ठा मामावर पडला, तरी भोंगा वाजतच राहिला. दोन माणसं शिडी चढून वर गेली, तेव्हा हे समोर बघत बसले होते आणि हात बटणावर होता. त्या दोघांनी एकेक बोट सोडवून हात बाजूला केला.

चौकशी झाली. तार झिजलेली होती, चालवणाऱ्याची चूक नव्हती, असं लेखी आलं. तरी त्यांनी शिडीला हात लावला नाही. साहेब समजूतदार होते, त्यांनी यांना खाली सुट्या भागांच्या गोदामात बसवलं.

आणि तिथून सात महिने त्या घरात नवल घडत होतं. ते बोलायला लागले. गोदामातला कारकून शिंकताना टेबल कसं धरतो, कुणाच्या डब्यात काय होतं, बोल्टांच्या खोक्यात मांजर कशी व्याली, सगळं सांगायचे. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सांगायचे. मामाबद्दलही बोलायचे, अर्धवट वाक्यांत, आणि मग तिच्या खांद्याला कपाळ टेकून उभे राहायचे. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस तिला ऐन चाळिशीत भेटला होता.

पण गोदामाच्या खिडकीतून तीन नंबरची क्रेन दिसायची. नवा चालवणारा माल आदळायचा. रोज संध्याकाळी तेच: आज त्याने खोका वाकडा टेकवला, आज त्याने हूक हेलकावत ठेवला. एका रविवारी ती चादरींच्या घड्या घालत होती, पाठ भरून आली होती, आणि हे मागे उभे राहून त्या चालवणाऱ्याच्या चुकांची उजळणी करत होते.

"मग जा ना वर!" ती म्हणाली. "तुम्हाला येतं ना चांगलं? इथे माझ्या डोक्याशी काय लावलंय?"

चादरीचं दुसरं टोक त्यांनी धरलं, घडी नीट जुळवली. दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले आणि मंगळवारी वर चढले.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "कसं वाटलं?"

"ठीक." आणि चहा प्यायले.

त्यानंतर आणखी बारा वर्षं ते वर होते. ती चिडून बोलली होती, मनापासून नव्हे, हे तिने त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हणून कितीदा सुरुवात केली, पण ते समोर बसलेले असायचे, शांत, आणि तिला वाटायचं, त्यांना तेच हवं असेल.

निवृत्तीनंतर नात झाली आणि तिला सांभाळायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. आजोबा आणि नात तासन्‌तास गच्चीवर बसायची. आजी बोलवायला गेली की दोघंही गप्प व्हायची. "आमचं खासगी चाललंय," नात सांगायची.

शेवटी मूत्रपिंडांनीच दगा दिला. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा रुग्णालय, हाताला सुया, चेहऱ्यावर सूज. डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी बायकोकडे बघितलं आणि पोरासारखी मान खाली घातली. बारा वर्षांच्या निम्म्या बाटल्या तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. पावसाळा संपता संपता, एका दुपारी, ते गेले.

तीन आठवड्यांनी मुलगा-सून आपल्या गावी परतले. आता कॉलेजात असलेली नात चार दिवस आजीसोबत राहिली. दोघी कपाट आवरत होत्या. त्यांच्या शर्टांच्या घड्या घालता घालता नात म्हणाली, "आजी, आजोबा तुझ्याशी किती बोलायचे ना!"

"माझ्याशी?" आजी म्हणाली. "तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे असायचे."

"घरी नाही गं. वर. केबिनमध्ये. मोठ्याने बोलायचे, दिवसभर. मला सांगितलंय त्यांनी. म्हणाले, संध्याकाळी घरी येईपर्यंत तुझ्या आजीला सगळं सांगून झालेलं असायचं. मग तेच तेच परत काय सांगायचं?"

आजीच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

"सांगून झालेलं असायचं?" तिचा आवाज चढला. "आणि मला ऐकू यायला नको? मी इथे भिंतींशी बोलत बसले, आणि हे तिथे काचांशी?"

नात घाबरली. "अगं, मला वाटलं तुला बरं वाटेल..."

आजी उठून स्वयंपाकघरात गेली. उगाच नळ सोडला, बंद केला. मग दारात येऊन विचारलं, "काय सांगायचे?"

नातीने डोकं खाजवलं. "हूकवर एक पांढरा पक्षी रोज येऊन बसायचा, ते. खाली कुणाशी भांडण झालं, ते. तू निळी साडी घेतलीस ती छान दिसते, ते."

"आणखी?"

"एकदा तुझ्यावर रागावले होते, तेही वरच. मग म्हणे तूच त्यांची समजूत काढलीस."

आजीला हसू आलं आणि तिने ते दाबलं.

"मी त्यांना परत वर पाठवलं, त्याबद्दल काही?"

नातीने आठवून पाहिलं. मनापासून आठवत होती ती, भुवया जवळ आणून.

"नाही गं. ते नाही आठवत. कदाचित बोलले असतील, मी लहान होते."

"असू दे," आजी म्हणाली.

रविवारी नात गेली. बस सुटेपर्यंत आजी थांब्यावर उभी होती. घरी आल्यावर मुलाचा फोन आला: एवढ्या घरात एकटी कशाला राहतेस, सामान बांध, मी न्यायला येतो.

"अजून नको," ती म्हणाली.

"का पण?"

तिला सांगता आलं नाही. "बघू पुढच्या महिन्यात," म्हणून तिने फोन ठेवला. दुपार होती. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. ती त्यांच्या खुर्चीसमोर आपली खुर्ची ओढून बसली, आणि कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना.