मधले पाच दिवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नोरीनला नाही, कोर्टाला तर नाहीच. आज का सांगतेय, ते विचारू नका — सांगायला बसलेय, एवढं खरं. आणि आधीच सांगून ठेवते, मी इथे डोळे पुसत बसणार नाही. मला माझ्या कामाचा अभिमान होता, अजूनही आहे. तो बाजूला ठेवून हे सांगताच येणार नाही, कारण चूक त्याच्याच पोटातून आली.

गोष्ट अशी, की एक माणूस तुरुंगात आहे. त्याने अपील केलं होतं. ते फेटाळलं गेलं माझ्या एका नोंदीच्या जोरावर. आणि त्या नोंदीतून मी दोन ओळी काढून टाकल्या होत्या.

मी आयर्लंडमध्ये, शॅननला, एका कारखान्यात क्वालिटीमध्ये काम करते. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनतात आमच्याकडे. पुण्याहून आले त्याला चौदा वर्षं झाली. आमच्या कामाचा एक साधा कायदा आहे: नोंद चुकली तर खोडायची नाही. व्हाइटनर नाही, नवा कागद नाही. चुकीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. नवीन पोरं हसतात याला. मी त्यांना पहिल्याच दिवशी सरळ करते. माझ्या फायलीत ऑडिटरला आजवर काही सापडलेलं नाही. खोटी नम्रता मला जमत नाही, म्हणून सांगून टाकते — या कामात माझ्याइतकं चोख फार कमी जण असतात.

माझी मुलगी सई बारा वर्षांची असताना एका गेममध्ये तिला कोणीतरी मेसेज पाठवायला लागलं. मी घाबरले, तर ती म्हणाली, "आई, रिलॅक्स, ही इज जस्ट सम रँडमर." इथली मुलं अनोळखी माणसाला रँडमर म्हणतात. त्या रँडमरने तिला दुसऱ्याच आठवड्यात फोटो मागितला. तिने दिला नाही, मला दाखवलं. त्या दिवसापासून माझं डोकं तापलं ते तापलंच.

मग नोरीन भेटली. एका शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेली, जवळच्या एनिस गावात राहणारी बाई. तिचा पाच-सहा स्वयंसेवकांचा गट होता. इंटरनेटवर लहान मुलीचं नाव घ्यायचं, गप्प बसायचं, आणि कुणी मोठा माणूस वय कळूनही लगट करायला लागला की सगळं गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, हवाली करायचं. काही गट अशा माणसाला पार्किंगमध्ये गाठतात, मोबाइल रोखून आरडाओरडा करतात. आमचा तसला तमाशा नव्हता. पण नोरीनच्या फायली म्हणजे सगळा आनंदीआनंद होता. अर्धे स्क्रीनशॉट, तारखांचा पत्ता नाही. त्यापायी एक माणूस सुटलाही होता.

मी चार पानांची कार्यपद्धती लिहून दिली. आपण आधी बोलायचं नाही. वय पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. आणि समोरचा थांबला, तर आपणही थांबायचं, त्याला हाक मारायची नाही. नोरीनने ती पानं स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या दारावर चिकटवली. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. ती म्हणाली, "मी चाळीस वर्षं फायली लावल्या, पण तुझ्यासारखी बाई बघितली नाही." मला ते अजून शब्दन् शब्द आठवतं. का आठवू नये?

तो माणूस पन्नाशीतला होता. गोदामात काम करणारा, एकटा राहणारा. माझी खोटी मुलगी तेरा वर्षांची होती, आणि मी तिच्या तोंडी सईचे शब्द घालत असे. कोथरूडची चव्वेचाळीस वर्षांची बाई डाळीला फोडणी देता देता हे लिहितेय, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. वय त्याला तीनदा सांगितलं होतं. तो काय लिहायचा ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की तो कुणी भोळाभाबडा नव्हता. शेवटी त्याने भेटायचं ठरवलं, बस स्टँडवर आला, आणि तिथे गार्डा उभे होते.

खटल्यात त्याने सगळं नाकारलं. वय माहीत नव्हतं म्हणाला — खोटं. गंमत चालली होती म्हणाला — खोटं. आणि मग म्हणाला, की मी मध्येच थांबलो होतो, तिला लिहू नकोस म्हणालो होतो, तिनेच मला परत बोलावलं. ज्यूरीतली एक बाई चक्क हसली. इतक्या थापांनंतर ही एक कोण मानणार? नोंदीत तसलं काही नव्हतंच.

मला पिंजऱ्यात बोलावलं. धर्मग्रंथ कोणता हवा विचारलं, मी म्हणाले नको, प्रतिज्ञा करते. मग विचारलं, ही नोंद पूर्ण आहे का?

मी म्हणाले, "हो. पूर्ण आहे."

आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. याचाही अभिमान वाटला होता तेव्हा.

शिक्षा झाली. त्याने अपील केलं. डब्लिनला सुनावणी होती, तेव्हा मी रजा काढून ऐकायला गेले. त्याच्या बॅरिस्टरचा मुद्दा एकच होता: नुसतं दार उघडं ठेवणं वेगळं आणि माणसाला हाताला धरून आत ओढणं वेगळं. काही आठवड्यांनी निकाल आला, तो मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. मध्ये पाच दिवस काहीही बोलणं नव्हतं, त्यानंतर आरोपीने कुणीही न बोलावता, आपणहून संपर्क साधला, आणि हेच निर्णायक आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. पुढे एक वाक्य माझ्यासाठी होतं. नोंद ठेवणाऱ्या स्वयंसेविकेची काटेकोर शिस्त वाखाणण्याजोगी आहे. ते वाक्य मी आईला फोनवर मराठी करून सांगितलं. गणपतीत इथल्या आमच्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. मी दहा मिनिटं बोलले, नोंदी कशा ठेवाव्यात यावर. टाळ्या चांगल्या पडल्या.

आता त्या दोन ओळी.

भेटायचं ठरण्याच्या आधी, एका मंगळवारी, त्याने लिहिलं: तू लहान मुलगी आहेस. मी हे करायला नको होतं. मी तुला यापुढे लिहिणार नाही, तूही मला लिहू नकोस.

मी शिफ्ट संपवून नुकतीच घरी आले होते. ओट्यापाशी उभी राहून वाचलं. काय वाटायला हवं होतं मला? एक माणूस स्वतःहून मागे फिरला — याहून चांगलं काय होणार होतं? आम्ही याचसाठी बसलो होतो ना? मी लिहिलेल्या पानांवर पुढे काय करायचं ते स्वच्छ होतं. थांबायचं. नोंद बंद करायची.

मला राग आला. खोटं कशाला सांगू — अपमान झाल्यासारखं वाटलं. नोरीनला मी दोनच दिवसांपूर्वी छाती पुढे काढून सांगितलं होतं, की हा आता कुठे जात नाही. माझी केस अशी अर्धवट सुटते? बुधवार गेला, गुरुवार गेला. कारखान्यात माझं लक्ष लागेना. त्या दिवसांत मला सईची आठवण आली होती का, तिच्यासारख्या दुसऱ्या कुणा मुलीची काळजी वाटली होती का? नाही. मला माझी पूर्ण झालेली फाइल दिसत होती.

पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, मी त्या मुलीच्या नावाने लिहिलं: माझ्यावर रागावलास का?

अर्ध्या तासात उत्तर आलं. सॉरी. आलो परत मी.

ते ॲप असं होतं, की एका बाजूने पुसलं की दोन्हीकडून जायचं, मागे काही उरायचं नाही. मी त्याचा मंगळवारचा निरोप पुसला. माझा रविवारचा प्रश्न पुसला. मधले पाच दिवस कोरे राहिले, आणि त्यांच्यानंतर फक्त 'सॉरी. आलो परत मी.' मग मी नोंदीचे क्रमांक पुन्हा घातले. सुबक दिसत होतं.

केस पडेल म्हणून केलं नाही मी ते. तेव्हा कोर्टात केस कुठे होती? नोरीनला दिसू नये म्हणून केलं. मीच लिहिलेला नियम मीच मोडलाय, हे त्या एका बाईला कळू नये म्हणून. बस्स, एवढ्यासाठी.

एक राहिलं. तेच सांगायला मी इतकी फिरून आले.

अपिलाच्या सुनावणीच्या दिवशी, निकालाच्या आधी, कोर्टाच्या बायकांच्या टॉयलेटमध्ये एक बाई माझ्याशेजारी हात धूत होती. म्हणाली, मी त्याची बहीण. साठीची असेल, कोट साधा, केस नीट विंचरलेले. भांडायला आली नव्हती. म्हणाली, "त्याने केलं ते मला माहीत आहे. त्याची बाजू घ्यायला मी आले नाही. पण तो आईच्या कबरीची शपथ घेऊन सांगतो, की तो एकदा थांबला होता. तेवढं खरं असेल, तर मी त्याला भेटायला जात राहीन. सुटला की घरीही घेईन. तू तिथे होतीस. तो थांबला होता का?"

तिथे शपथ नव्हती, न्यायाधीश नव्हते, नोरीनही नव्हती. आम्ही दोघीच होतो. हो म्हणाले असते, तर ती सरळ बॅरिस्टरकडे गेली असती.

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही. कधीच नाही."

ती म्हणाली, "ग्रँड. थँक्स." 'ठीक आहे'ला इथे ग्रँड म्हणतात. कागदाने हात पुसले आणि गेली. त्यानंतर ती त्याला भेटायला गेली नाही. नोरीननेच कुठून तरी ऐकून मला सांगितलं, मोठ्या समाधानाने.

मी अजून या गटात आहे. नव्या स्वयंसेवकांना नमुना म्हणून तीच नोंद दाखवली जाते, आणि दाखवते मीच. तो तुरुंगात अजूनही सांगतो म्हणे, की मी एकदा थांबलो होतो. त्याचं कुणी खरं धरत नाही. माझं सगळे धरतात.