धाकटीची सवय

तिला सगळे आत्या म्हणत. साहेबसुद्धा. साहेब तिच्याहून चार वर्षांनी मोठे, पण आत्या म्हटल्यावर वय कोण विचारतो? आणि काम विचाराल, तर एका उपग्रहाची राखण. हसू नका. हवामानाचे उपग्रह काही भाजी आणावी तसे ऐनवेळी आणता येत नाहीत. दोन्ही ध्रुवांवरून घिरट्या घालणारे, दिवसातून दोनदा सगळं जग नजरेखालून घालणारे असे तीन उपग्रह एकदमच बांधले होते. उपग्रह पुल्लिंगी असतो, हे व्याकरणवाल्यांना सांगा. आत्याच्या लेखी त्या तिघी बहिणी होत्या. थोरली वर गेली आणि थकली. तिच्या जागी मधली गेली. धाकटी अकरा वर्षं कोरड्या, बंद खोलीत पांढऱ्या आच्छादनाखाली होती, कारण मधली दमायच्या आत तिची तयारी हवी. नाहीतर पुढच्या आठवड्याचा पाऊस काय बोटं मोजून सांगायचा?

दर तीन महिन्यांनी आत्या तिला जागी करायची. वीज द्यायची, एकेक उपकरण चालवून बघायचं, आकडे घ्यायचे, पुन्हा झोपवायचं. घरी येऊन हेच पुराण नवऱ्यापुढे. "अहो, आज धाकटी मुकाट उठली हो!" किंवा "आज धाकटीनं सकाळपासून नुसता छळ मांडला." शेजारीण भिंतीपलीकडून हे ऐकायची. शेवटी एकदा तिनं विचारलंच, "तुमची धाकटी कधी दिसत नाही ती? पोरीला कोंडून ठेवलंय की काय?" त्या दिवशी नवरा-बायको पोट धरून हसले. मूलबाळ नव्हतं त्यांना.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. करायचा, म्हणजे आता नाही. डोळ्यांनी दगा दिला होता. डॉक्टर म्हणाले, वर्षभर बऱ्यापैकी दिसेल, पुढचं मी बोलत नाही. धाकटीचं उड्डाण पाच महिन्यांवर आलं होतं. "तेवढं बघतो," तो म्हणाला, "मग गेले डोळे तर गेले." गावाला जायचं असावं तसा तो दिवस मोजत होता.

आणि शेवटच्या चाचणीत आत्याला एक आकडा खटकला. तापमान मोजणाऱ्या उपकरणात एक छोटा आरसा असतो, त्याला फिरवणारी मोटर वीज जरा जास्त ओढत होती. जरा म्हणजे किती? नखभर. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या कितीतरी आत. पण आत्याची एक खोड होती. कार्यालयाच्या कागदावर दोनच चौकटी: मर्यादेत, मर्यादेबाहेर. तिच्या स्वतःच्या वहीत तिसरा रकाना होता आणि त्याचं नाव तिनं ठेवलं होतं ‘सवय’. अकरा वर्षं त्या रकान्यात एकच आकडा थोडाफार हलत आला होता. या खेपेला तो चढला होता. तिनं चाचणी पुन्हा घेतली, मग तिसऱ्यांदा घेतली. आकडा काही खाली येईना.

हे सांगितलं, तर मोटर काढायला धाकटी परत कारखान्यात जाणार, म्हणजे उड्डाण दोन वर्षं पुढे. नाही सांगितलं तर? कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण वर जाऊन आरसा अडकला, तर तिथे स्क्रूड्रायव्हर घेऊन कोण जाणार होतं?

तयारीच्या बैठकीत साहेबांनी सह्यांचा कागद पुढे सरकवला. "आत्या, झालं ना सगळं?"

आत्यानं कागद परत सरकवला. "नाही. धाकटी तयार नाही."

साहेबांनी आकडे पाहिले, चष्मा काढला. "अहो, हे तर मर्यादेत आहे."

"मर्यादेत आहे हो. पण ही तिची सवय नाही." तिनं वही उघडून पुढे ठेवली. साहेबांनी अकरा वर्षांची पानं उलटली, एकेक, घाई न करता. मग सही न करताच कागद मिटून ठेवला.

संध्याकाळी ती घरी आली. नवरा खिडकीशी बसला होता. तिनं चप्पलसुद्धा काढली नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यानं फक्त विचारलं, "गप्प बसली असतीस, तर कुणाला कळलं असतं?"

"नाही."

राग आला होता त्याला, दिसत होतं ते. का नाही येणार? मग घसा खाकरून म्हणाला, "तेल सुकलं असणार. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, पण आतून कुथत असतं. हाताला कळतं ते. बरं केलंस." एवढं म्हणून त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि आत्या चप्पल घालूनच आत जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांकडे एक मागणं मागितलं, नोकरीतलं पहिलंच. कारखान्यात परत धाडायला धाकटीला पेटीत घालण्याआधी तिचं आच्छादन निघणार होतं. त्या वेळी काचेपलीकडे, पाहुण्यांच्या सज्जात, एक माणूस उभा राहिला तर चालेल का? साहेब म्हणाले, "आत्या, विचारताय काय? घेऊन या."

भर सकाळी ती त्याचा हात धरून सज्जात आली. खाली आच्छादन उतरलं आणि दिव्यांच्या उजेडात धाकटी उभी राहिली, मोटारगाडीएवढी, सोनेरी वर्खात गुंडाळलेली, अंगभर चुण्या पडलेली. नवऱ्यानं कपाळ काचेला टेकवलं.

"ते डावीकडचं दिसतंय ना, ते तापमानाचं," आत्या घाईघाईनं सांगू लागली. "आरसा त्यातच आहे. वरचा दांडा अँटेनाचा. आणि तो काळा पत्रा घडी घातलेला, वर गेल्यावर उघडतो, त्याच्यावर ऊन पडलं की वीज..."

त्यानं तिच्याकडे न बघताच तिचा हात दाबला.

"तू जरा बोलू नकोस गं. बघू दे मला."