चौदा नंबरचा मासा

ओर्लेटा बिव्हन्सच्या हातचा मासा खायला शिकागोतले लोक दोन-दोन आठवडे आधी टेबल धरून ठेवत. बाई छप्पन्न वर्षांची, तोंडाने फटकळ, सव्वीस वर्षं एकाच हॉटेलात शेगडीपुढे उभी. स्वयंपाकघरातली सगळी तिला मावशी म्हणत. मावशीचा डावा कान पार गेलाय आणि उजवाही निम्मा गेलाय, हे मात्र त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

तिने कळूच दिलं नव्हतं. धूर ओढणारे पंखे डोक्यावर सतत घोंघावत. कानात यंत्र घातलं की नुसती शिट्टी वाजे. आणि बहिऱ्या बाईला शेगडीवर ठेवतंय कोण? कोपऱ्यात कांदे सोलायला बसवतील. छे! त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला तिथला रिवाजच कामी येई. चिठ्ठ्या शेफ रोस्कोच्या पुढ्यात खोचलेल्या असत. तो ऑर्डर ओरडून सांगे, आणि ज्याचं काम असेल त्याने हातातलं न सोडता नुसतं ‘ऐकलं!’ म्हणायचं. विषय संपला. मावशी रोस्कोच्या ओठांवर नजर ठेवी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ‘ऐकलं!’ म्हणे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी सातलाच एकूण एक टेबल भरलं होतं आणि दाराबाहेर रांग लागली होती. रोस्को एका ताटाची कड पुसायला वाकला आणि वाकल्या वाकल्याच काहीतरी ओरडला. मावशीला ‘चौदा’ कळलं, ‘मासा’ कळला. पुढचं पंख्यांनी गिळलं.

परत विचारावं का? पण परवाच दोनदा विचारलं, तेव्हा रोस्को म्हणाला होता, "मावशी, उद्या येताना कान धुऊन ये गं." सगळे खिदळले होते. तीही हसली होती, पण आतून चरकली होती.

"ऐकलं!" मावशी ओरडली.

तिने मासा नेहमीसारखा अक्रोडाच्या चुऱ्यात घोळवला, लोण्यात खरपूस परतला आणि ताट पुढे सरकवलं. वाढणाऱ्या एका पोराने ते उचललं आणि नेलं. तेवढ्यात वाढणारी जोसलिन तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, देव तुझं भलं करो. चौदावरच्या आईने तीनदा विचारलं गं, अक्रोड नाही ना, अक्रोड नाही ना. पोरीला कणभर गेला तरी घसा सुजतो, श्वास बंद होतो म्हणे. मी म्हटलं, मावशी पावाच्या चुऱ्यात करतेय, बिनघोर खा."

मावशीने हातातली पळी टाकली. पावाचा चुरा काय, अक्रोडाचा काय, तळल्यावर दिसायला सारखाच.

ती धावली. दार ढकलून, मळक्या ॲप्रनसकट, जिथे स्वयंपाक्याने पाऊल टाकायचं नाही त्या मेणबत्त्या लावलेल्या दालनात. चौदा नंबरला सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती, काट्याला टोचलेला तुकडा ओठांशी नेलेला. मावशीने तिचा हातच धरला.

"थांब! खाल्लास का गं? एक तरी घास गेला का?"

मुलगी भेदरून मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. मावशीला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. ती गुडघ्यावर बसली आणि पोरीची हनुवटी वर केली.

"माझ्याकडे बघून सांग, राणी."

"नाही खाल्ला. फुंकर मारत होते."

मावशीने ताट उचललं. आईकडे न बघता म्हणाली, "कच्चा राहिलाय, बाई. दुसरा आणते." आत येऊन रोस्कोलाही तेच सांगितलं.

"बघा रे!" रोस्कोने सगळ्यांना हाक मारली. "सव्वीस वर्षं झाली, पण एक मासा कच्चा वाटला तर बाई बाहेर धावते! शिका काहीतरी!" पोरांनी पळ्या आपटून तिचं कौतुक केलं. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोस्को चिठ्ठ्यांकडे वळला आणि पाठमोराच पुढची ऑर्डर ओरडला. सगळे तिच्याकडे बघू लागले. म्हणजे ऑर्डर तिची होती. सवयीने तोंड उघडलंही होतं. तिने ते मिटलं आणि शेगडी बंद केली.

"शेफ, मासा कच्चा नव्हता. त्यात अक्रोड होता. तू सांगितलेलं मला ऐकूच आलं नाही. आत्ताचंही नाही आलं."

रोस्को वळला. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?" त्याचा चेहरा उतरला. "मावशी, अगं, अशी किती ताटं गेली असतील तुझ्या हातून?"

"ठाऊक नाही रे," ती म्हणाली. "देवाने सांभाळलं."

तो चिडेल, हाकलून देईल, असं तिला वाटलं होतं. त्याने तिचा तवा उचलला, साबण लावून दोनदा घासला, हात धुतले आणि तिच्या शेगडीपुढे आला. मग तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत, सावकाश बोलला.

"पोर उपाशी बसलीय. तू बाजूला हो, मावशी. हा मासा मी करतो."

मावशी बाजूला झाली.